पोटाचे चूर्ण आणि फिटचे औषध

दापोली तालुक्यातील खाडीकाठच्या एका गावातून एका आईचे पत्र आले आहे. त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीला तीन वर्षांपासून फिट येतात. शिमग्यानंतर डॉक्टरांनी फेनिटॉइन सिरपचा डोस ठरवून दिला आणि तेव्हापासून एकही फिट आलेली नाही. गणपतीनंतर मात्र मुलीचे पोट बिघडले: भूक मंदावली, पोट फुगू लागले, शौचाला खडा होऊ लागला. सासूबाई रोज दोन वेळा सुंठ, मिरी, पिंपळी, हिंग, ओवा यांचे घरी कुटलेले चूर्ण मधातून देतात. मुलीच्या वडिलांनी मेडिकलमधून पाचक गोळ्या आणल्या, त्या अर्ध्या करून जेवणानंतर दिल्या जातात. रात्री जळजळ झाली तर पांढरे अँटासिड दोन चमचे दिले जाते. मुंबईच्या मावशीने प्रोबायोटिकची पाकिटे पाठवली आहेत, आणि सहामाही परीक्षा जवळ आल्यामुळे स्मरणशक्तीसाठी शंखपुष्पीचे सिरप सुरू करण्याचा विचार आहे. आई विचारतात: ‘ही सगळी पोटाचीच औषधे आहेत, बरीचशी घरची आहेत, फिटच्या औषधाला त्यांचा त्रास होईल का? दोन तासांचे अंतर ठेवले तर चालेल ना?’

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर पुढे देते, पण त्याआधी तुमच्या पत्राच्या शेवटच्या दोन ओळींविषयी लिहिणे अधिक निकडीचे आहे. जाता जाता लिहावे तसे तुम्ही लिहिले आहे की गेले काही दिवस मुलगी शाळेतून आली की झोपाळल्यासारखी असते, अक्षर वाकडेतिकडे येते आणि अंगणातल्या जांभ्याच्या पायऱ्या उतरताना दोनदा तोल गेला. हे तुम्ही अशक्तपणाच्या खात्यात टाकले आहे, आणि ती नीट जेवत नसल्यामुळे तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु फेनिटॉइन घेणाऱ्या मुलाच्या बाबतीत झोपाळूपणा, चालताना झोक जाणे, हाताच्या बारीक हालचाली नीट न जमणे आणि जीभ जड होणे ही रक्तात औषधाचे प्रमाण जास्त झाल्याची लक्षणे असू शकतात. तिला समोर बसवून आपले बोट हळूहळू एका बाजूला न्यावे आणि तिला केवळ डोळ्यांनी त्याच्याकडे पाहायला सांगावे. बुबुळे कडेला गेल्यावर थरथरल्यासारखी झटके देत हलत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगावे. मळमळ आणि उलटी हीसुद्धा याच यादीत येतात, म्हणजे जे पोटाचे दुखणे समजून तुम्ही उपाय करीत आहात, त्यातला काही भाग औषधाच्या वाढलेल्या प्रमाणाचाच असण्याची शक्यता आहे.

म्हणून हे वाचल्यावर पुढच्या महिन्यातल्या मुंबईच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. ज्या डॉक्टरांनी डोस ठरवला त्यांना आजच फोन करा, आणि फोन लागला नाही तर तिला जवळच्या सरकारी रुग्णालयात किंवा तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा. रक्तातील फेनिटॉइनची पातळी तपासता येते. नमुना सहसा सकाळचा डोस देण्यापूर्वी घेतात, त्यामुळे किती वाजता यायचे हे आधी विचारून घ्यावे. वारंवार उलट्या होत असतील, तिला जागे ठेवणे कठीण जात असेल किंवा फिट आली, तर फोनाफोनीत वेळ न घालवता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मात्र एक गोष्ट कोणत्याही परिस्थितीत स्वतःच्या मनाने करू नये: फिटचे सिरप बंद करणे किंवा त्याचा डोस कमी करणे. हे औषध एकाएकी थांबवले तर एकामागून एक न थांबणाऱ्या फिट येऊ शकतात, आणि ती स्थिती जिवावर बेतणारी असते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळते. तोंडावाटे घेतलेले प्रत्येक औषध आधी पोटात आणि आतड्यातच जाते, तिथून ते रक्तात शोषले जाते, आणि त्यातले बरेचसे यकृतात मोडले जाऊन शरीराबाहेर पडते. पोटासाठी म्हणून आपण जे काही देतो, ते याच वाटेवर काम करते. काही पदार्थ औषधाला आतड्यातच धरून ठेवतात, काही आम्ल कमी करून त्याचे शोषण बदलतात, तर काही आतड्याच्या अस्तरातील आणि यकृतातील औषध मोडणाऱ्या यंत्रणेवर परिणाम करतात. बहुतेक औषधांच्या बाबतीत असा थोडाफार फरक शरीर सहन करते. फेनिटॉइनला मात्र ही सवलत नाही.

याचे कारण असे की या औषधाची उपयोगी पातळी फार अरुंद आहे. रक्तात साधारणतः प्रति मिलिलीटर 10 ते 20 मायक्रोग्रॅम इतके प्रमाण हवे असते. त्याखाली फिट येण्याचा धोका असतो आणि त्यावर विषारी परिणाम दिसू लागतात. शिवाय यकृताची हे औषध मोडण्याची क्षमता मर्यादित असते. दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर जागा शिल्लक असेतोवर येणारी प्रत्येक गाडी सहज पलीकडे जाते, पण बोट एकदा भरली की त्यानंतरची प्रत्येक गाडी जेट्टीवर रांग वाढवीत राहते. फेनिटॉइनचे रक्तात तसेच होते. क्षमतेच्या काठावर असलेल्या मुलाला जरा जास्त औषध मिळाले, तर पातळी जराशीच न वाढता एकदम बरीच वर जाते. त्यामुळे ‘चिमूटभराने काय होणार’ हा आपला नेहमीचा हिशेब इथे लागू पडत नाही.

सासूबाईंच्या चूर्णाविषयी मी आदरानेच लिहिते, कारण त्यांनी ते प्रेमाने आणि पिढ्यांच्या अनुभवाने केलेले आहे, आणि घरच्या पोफळीवर चढवलेल्या वेलाची मिरी त्यात घातली आहे हे तुम्ही आवर्जून कळवले आहे. मिरी घरची असली तरी तिच्यात पिपेरीन असतेच, आणि पिंपळीतही असते. पिपेरीन औषधांचे शोषण वाढवते आणि ती मोडण्याचा वेग कमी करते. हा गुणधर्म इतका खरा आहे की जम्मूच्या शासकीय प्रयोगशाळेतील संशोधनातून क्षयरोगाची अशी कॅप्सूल तयार झाली, जिच्यात पिपेरीन मिसळल्यामुळे रिफाम्पिसिन नेहमीच्या 450 मिलिग्रॅमऐवजी 200 मिलिग्रॅमच घालावे लागते. फेनिटॉइन आणि कार्बामाझेपीन या फिटच्या दोन्ही औषधांची रक्तातील पातळी पिपेरीनमुळे वाढते, असे माणसांवर केलेल्या लहान अभ्यासांत दिसले आहे. म्हणजे आपल्या पूर्वजांनी सुंठ, मिरी आणि पिंपळी या त्रिकटूला जे सामर्थ्य दिले ते खोटे नाही. ते सामर्थ्य आहे म्हणूनच फिटच्या औषधासोबत ते न विचारता देऊ नये. कुळथाच्या पिठीत किंवा सारात स्वयंपाकापुरती पडणारी मिरी ही निराळी गोष्ट आहे आणि तिच्यासाठी मुलीचे जेवण वेगळे शिजवण्याची गरज नाही. रोज दोन वेळा चमचाभर चूर्ण हे मात्र औषधच झाले.

तुमच्या बाबतीत डोस शिमग्यानंतर ठरला आणि चूर्ण गणपतीनंतर सुरू झाले, त्यामुळे चूर्ण आज थांबवल्याने मुलगी आधीच्याच, माहितीच्या स्थितीकडे परत जाईल. ज्या घरांत क्रम उलटा आहे, म्हणजे चूर्ण किंवा काढा आधीपासून चालू होता आणि तो चालू असतानाच डॉक्टरांनी पातळी पाहून डोस बसवला, तिथे ते एकदम बंद केल्यास पातळी खाली येऊ शकते. अशा पालकांनी बंद करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे.

पाचक गोळीविषयी तुम्ही एक अतिशय उपयुक्त तपशील दिला आहे: गोळी सुरीने मोडताना आतून काळी भुकटी निघते आणि बोटे काळी होतात. पाचक एन्झाइमच्या काही गोळ्यांमध्ये वायू शोषून घेण्यासाठी सक्रिय कोळसा घातलेला असतो. ती काळी भुकटी बहुधा त्याचीच आहे, आणि वेष्टनावरील घटकांच्या यादीत तुम्हाला ते पडताळता येईल. हा कोळसा वायूबरोबर औषधेही धरून ठेवतो. म्हणूनच विषबाधा झालेल्या रुग्णाला रुग्णालयात तो मोठ्या प्रमाणात देतात. फेनिटॉइन रक्तात शोषले गेल्यानंतरही कोळसा त्याला आतड्याच्या भिंतीतून परत ओढून घेऊ शकतो. गोळीतले प्रमाण रुग्णालयातल्या मात्रेच्या मानाने अगदी कमी असते हे खरे, पण ज्या औषधाची पातळी इतकी काटेकोर सांभाळायची आहे, त्याच्या शेजारी कोळसा ठेवण्यात मला काहीच शहाणपण दिसत नाही. शिवाय ही गोळी मोठ्यांसाठी बनवलेली आहे. ती अर्धी केली म्हणून मुलांची होत नाही.

आता विचार करा, एका बाजूने चूर्ण पातळी वाढवू शकते आणि दुसऱ्या बाजूने कोळसा ती कमी करू शकतो. दोन्ही एकमेकांना काटतील असे कोणी म्हणेल, परंतु चूर्ण रोज दिले जाते आणि गोळी आठवण होईल तशी, त्यामुळे पातळी स्थिर राहण्याऐवजी वरखाली होण्याचीच शक्यता अधिक. फिटच्या आजारात अशी अस्थिरता सर्वांत वाईट.

पांढऱ्या अँटासिडमध्ये सहसा ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात, काहींत कॅल्शियमही असते. ते फेनिटॉइनचे शोषण कमी करू शकतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी देऊ नयेत. इथे तुमचा दोन तासांचा नियम खरोखर उपयोगी पडतो. हाच नियम कॅल्शियमच्या गोळीलाही लावावा, कारण फेनिटॉइन दीर्घकाळ घेतल्यास ‘ड’ जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि त्यामुळे अशा अनेक मुलांना कॅल्शियम लिहून दिलेले असते. मात्र आठ वर्षांच्या मुलीला रोज रात्री जळजळ होत असेल, तर अँटासिड देत राहण्यापेक्षा तिला तपासून घेणे योग्य; आणि त्याऐवजी मेडिकलमधून ॲसिडिटीची कॅप्सूल आणू नये, कारण ओमेप्राझोलसारखी औषधे फेनिटॉइनची पातळी वाढवू शकतात.

परंतु अंतराचा हा नियम सगळीकडे चालत नाही, आणि तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा गैरसमज मला हाच वाटतो. दोन पदार्थ पोटात प्रत्यक्ष भेटल्याने अडचण होत असेल तर त्यांना वेगवेगळ्या वेळी दिल्याने ती टळते. अँटासिडचे तसे आहे, इसबगोलाचेही बऱ्याच अंशी तसेच आहे. कोळशाच्या बाबतीत अंतराने धोका कमी होतो, पण पूर्ण जात नाही. पिपेरीनसारखा पदार्थ मात्र औषध मोडणाऱ्या यंत्रणेवरच परिणाम करतो, त्यामुळे सकाळी चूर्ण आणि दुपारी सिरप असे वेळापत्रक केले तरी त्या परिणामापासून सुटका होईल याचा भरवसा धरता येत नाही.

शंखपुष्पीचे सिरप कृपा करून सुरू करू नका. हे मी निःशंकपणे लिहिते, कारण मुंबईच्या संशोधकांनी 1992 साली नेमकी हीच गोष्ट प्रसिद्ध केली होती: फेनिटॉइनवर आटोक्यात असलेल्या दोन रुग्णांना शंखपुष्पीयुक्त आयुर्वेदिक औषध सुरू झाल्यावर पुन्हा फिट येऊ लागल्या, आणि पुढे उंदरांवर केलेल्या प्रयोगांत त्या औषधामुळे फेनिटॉइनची पातळी आणि त्याचा फिट रोखण्याचा परिणाम असे दोन्ही कमी होताना दिसले. शंखपुष्पी आपल्याकडे मुलांच्या अभ्यासासाठी इतक्या सहजपणे दिली जाते की तिचे नाव औषधांच्या यादीत सांगायचे कोणाला सुचतच नाही. तुमच्या मुलीचे अक्षर बिघडल्यामुळे तुम्हाला शंखपुष्पीची आठवण झाली असेल, तर त्या अक्षराचे कारण आधी रक्ततपासणीत शोधले पाहिजे.

मावशीने पाठवलेल्या प्रोबायोटिकविषयी फारशी काळजी नको. त्यातील उपयुक्त जिवाणूंचा फेनिटॉइनशी थेट संघर्ष होतो असे आढळलेले नाही. पुढे कधी अँटिबायोटिक सुरू झाले तर जिवाणू असलेले पाकीट आणि अँटिबायोटिक यांच्यात किमान दोन तास असावेत, नाहीतर ते जिवाणू मरतात. पाकिटात यीस्ट असेल तर अँटिबायोटिक त्याला मारत नाही, बुरशीविरोधी औषध मारते. ज्या मुलाला कर्करोगाचे उपचार चालू आहेत, दीर्घकाळ स्टिरॉइड दिले जात आहे किंवा शिरेत कायमची नळी बसवलेली आहे, त्याला मात्र प्रोबायोटिकसुद्धा डॉक्टरांच्या परवानगीशिवाय देऊ नये. तुमच्या मुलीला यांपैकी काही नाही. तरीही रक्ताचा निकाल येईपर्यंत तेही बाजूला ठेवावे, म्हणजे कशाने काय झाले हे डॉक्टरांना नीट कळेल.

आता बाटलीकडे पाहूया, कारण सगळा दोष चूर्णावर टाकणे अन्यायाचे ठरेल. फेनिटॉइनचे सिरप हे खरे तर द्रवात तरंगणारे बारीक कण असतात, आणि बाटली कपाटात उभी राहिली की ते तळाशी बसतात. न हलवता दिले तर सुरुवातीचे डोस पातळ जातात आणि बाटली संपत येताना प्रत्येक चमच्यात भरमसाट औषध जाते. तोल जाणे बाटलीच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झाले का, हे आठवून पाहा. प्रत्येक वेळी बाटली जोरात आणि पुरेसा वेळ हलवावी, डोस स्वयंपाकघरातल्या चमच्याने न मोजता खुणा असलेल्या कपाने किंवा सुईविना सिरिंजने मोजावा. हे सिरप वेगवेगळ्या तीव्रतेचे मिळते, म्हणून दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची बाटली दिली तर 5 मिलिलीटरमध्ये किती मिलिग्रॅम आहे हे जुन्या बाटलीशी ताडून पाहिल्याशिवाय घरी आणू नये. औषधांच्या काउंटरवर मी अनेक वर्षे काम केले आहे, आणि ‘तेच आहे, फक्त कंपनी वेगळी’ हे वाक्य या औषधाच्या बाबतीत मला नेहमीच अपुरे वाटत आले आहे.

फेनिटॉइनमुळे मुळातच काही मुलांना मळमळ किंवा बद्धकोष्ठता होते. सिरप जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर दिले तर पोटाला कमी बोचते. पण वेळ आणि पद्धत रोज एकच ठेवावी, एक दिवस उपाशीपोटी आणि एक दिवस मोदकांवर असे करू नये. शौचाचा खडा मोडण्यासाठी मुलांना चालणारी औषधे डॉक्टर देऊ शकतात. एरंडेल किंवा हिरड्याचा जुलाब देऊ नये. जुलाबाने औषध शोषण्याआधीच पुढे ढकलले जाऊ शकते. भूक वाढवण्याचे म्हणून मिळणारे सिरपही आणू नये, कारण त्यांपैकी अनेकांत सायप्रोहेप्टाडीन असते आणि त्याने झोप येते. तुमच्या झोपाळलेल्या मुलीला त्याची भर नको. शाळेत जंताची गोळी वाटतात तेव्हाही फिटचा आजार असल्याचे गुरुजींना आणि आशाताईंना आधी कळवावे. फिट येणाऱ्या काही मुलांच्या मेंदूत जंताच्या अळीच्या गाठी असतात, आणि त्यांना ही गोळी दिल्यावर गाठीभोवती सूज येऊन फिट येऊ शकते. म्हणून डॉक्टरांचा होकार असल्याशिवाय ती देऊ नये.

तुमच्या निमित्ताने इतर दोन प्रकारच्या पालकांसाठीही लिहिते. ज्यांच्या बाळाला जन्मापासून थायरॉइडची गोळी आहे, त्यांनी लोह, कॅल्शियम आणि अँटासिड त्या गोळीपासून चार तास दूर ठेवावे. पोट साफ होण्यासाठी दिलेला इसबगोलही तिच्यासोबत देऊ नये. आणि पावसाळ्यात भातशेतीच्या चिखलात वावरल्यावर लेप्टोच्या संशयाने मोठ्या मुलाला डॉक्सिसायक्लीन दिले असेल, तर लोह, झिंक, कॅल्शियम आणि अँटासिड त्याच वेळी देऊ नये, कारण ते त्या औषधाला बांधून ठेवतात.

रक्ताचा निकाल येईपर्यंत मुलीला साधे जेवण द्यावे: उकड्या तांदळाची पेज, वर तूप, मऊ भात, शिजवलेली भाजी, पिकलेले केळे आणि भरपूर पाणी. थोडी सोलकढी आवडत असेल तर जेवणापुरती चालेल. जुलाब झाले तर ओआरएस निर्धास्तपणे द्यावे, त्याचा फिटच्या औषधाला अडथळा नाही. सिरप दिल्यावर लगेच उलटी झाली तर डोस पुन्हा द्यायचा की नाही, हे डॉक्टरांना आजच विचारून बाटलीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवावे, म्हणजे रात्री दहा वाजता घरात वाद होणार नाही.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या बाटल्या, गोळ्यांची वेष्टने आणि चूर्णाची बरणी एका पिशवीत घालून न्यावी. शक्य असेल तर सासूबाईंनाही सोबत न्यावे. चूर्णात काय आहे, किती आहे आणि ते कोणत्या दिवसापासून सुरू केले, हे डॉक्टरांना त्यांच्याइतके नेमके कोणीच सांगू शकणार नाही.